पालघर-बोईसरचे कॅथॉलिक धर्मग्राम : सर्वांसाठी उघडे दार

विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल १६ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली आणि पालघर, बोईसर ही स्थानके मुंबईच्या रोजच्या जीवनाशी जोडली गेली. त्याआधीच अणुऊर्जा केंद्र आणि औद्योगिक वसाहत यांनी या परिसराचा चेहरामोहरा पालटला होता. किनाऱ्यावर मच्छीमार, सखल भागात बागायतदार, डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी, तर रेल्वेच्या दोन्ही बाजूंना देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेला कामगारवर्ग अशी येथील वस्ती आहे. अशा ठिकाणचा कॅथॉलिक समाज आकाराने लहान असला तरी रचनेने कमालीचा संमिश्र असतो. 'चर्च कोणाचे?' हा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही, तो दर रविवारी प्रत्यक्ष सोडवावा लागतो.

वसईचा वारसा आणि उत्तरेचा पट्टा

उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास प्रामुख्याने वसईशी निगडित आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये तहाद्वारे वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे केळवे-माहीम, तारापूर, डहाणू अशी किनाऱ्यावरील ठाणीही त्यांच्या अमलाखाली आली. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथॉलिक संत होत. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक होती. आधी प्रचारक, मग व्यापारी आणि अखेर फ्रान्सिस्कन बंधू असा प्रवास करून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य आले. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्यांना संतपद दिले. दोन संस्कृतींच्या संगमातून आलेला, धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेला एक साधा बंधू या परिसराचा पहिला संत ठरावा, ही बाब बोलकी आहे.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. वसईच्या शरणागतीच्या अटींमध्ये ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक देण्याची आणि काही चर्चेस राखण्याची तरतूद होती. मात्र उत्तरेकडील पट्ट्यात वसईसारखी दाट ख्रिस्ती वस्ती उरली नाही. १८८६ मध्ये स्थापन झालेला दमण धर्मप्रांत १९२८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतात विलीन करण्यात आला. त्यानंतर सात दशकांनी, २२ मे १९९८ रोजी, मुंबईतून वेगळा काढून वसई धर्मप्रांताची स्थापना झाली. थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप. २००९ मध्ये फेलिक्स मच्याडो यांनी आणि २०२४ मध्ये थॉमस डिसोजा यांनी ही धुरा स्वीकारली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील कॅथॉलिक समाजाचे धार्मिक केंद्र आज वसई हेच आहे.

वसईत गाव, जात, बोली आणि चर्च यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांच्या चालीरीती धर्मग्रामाच्या जीवनात मिसळून गेल्या आहेत. बोईसरमध्ये मात्र बहुतेक जण बाहेरून आलेले. १९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र कार्यान्वित झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत विस्तारत गेली. वसईचा मराठीभाषक, गोव्याचा कोंकणीभाषक, केरळ-तामिळनाडूचा तंत्रज्ञ, मंगळूरचा कर्मचारी, छोटा नागपूरचा आदिवासी मजूर अशी माणसे एकाच वेदीभोवती येऊ लागली.

'धर्मग्राम' म्हणजे काय?

कॅथॉलिक व्यवस्थेत धर्मग्राम हा साधारणतः भूभागावर आधारलेला असतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५१८ वे कलम सांगते की, त्या हद्दीत राहणारे सर्व श्रद्धावंत त्या धर्मग्रामाचे घटक होत. सभासदत्वाचा अर्ज, शिफारस किंवा वर्गणी ही त्याची पूर्वअट नाही. कंत्राटी कामगार सहा महिन्यांसाठी खोली घेऊन राहिला तरी तेवढ्या काळात त्याच्या आध्यात्मिक गरजांची जबाबदारी स्थानिक धर्मगुरूंवर येते. बाप्तिस्मा झालेल्या सर्वांची प्रतिष्ठा समान असल्याचे २०८ वे कलम सांगते, तर १२२१ व्या कलमानुसार उपासनेच्या वेळी चर्चमधील प्रवेश मुक्त आणि निःशुल्क असावा लागतो. या तरतुदीत धर्माचा उल्लेख नाही. हिंदू शेजारी, मुस्लिम सहकारी किंवा कोणताही धर्म न मानणारा माणूस मिस्साला येऊन बसू शकतो.

यात एक बारकावा आहे. केरळमधून आलेले बरेच कॅथॉलिक सिरो-मलबार या पौर्वात्य विधीचे असतात. महाराष्ट्रातील त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यामुळे एकाच कारखान्यात काम करणारे दोन कॅथॉलिक वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकारकक्षेत असू शकतात. मात्र दोघेही परस्परांच्या मिस्सात सहभागी होऊन ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतात.

उपासना : भाषा आणि सहभाग

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्याचा मार्ग खुला केला. १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली आणि तिला पोप सहावे पॉल उपस्थित राहिले, तेव्हा या बदलांची चर्चा घरोघरी पोहोचली. वसई परिसरात मराठी उपासनेला भक्कम पाया लाभला. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि २०२० च्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

औद्योगिक पट्ट्यात मात्र केवळ मराठीने भागत नाही. इंग्रजी ठेवली तर आदिवासी कुटुंब मागच्या बाकावर गप्प बसते. केवळ मराठी ठेवली तर नवा कामगार परका ठरतो. म्हणून वाचने, गीते आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना वेगवेगळ्या भाषांत वाटून घेणे, निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या भाषांतील मिस्सा ठेवणे असे उपाय अशा धर्मग्रामांना योजावे लागतात. स्वागत केवळ दारातल्या नमस्कारापुरते राहिले की अपुरे पडते. वाचकाच्या मंचावर कोण उभे राहते, यावरून ते खरे कळते.

नियमांनीही हा सहभाग वाढवला आहे. मुलींना वेदीसेवक होण्याची मुभा १९९४ मध्ये मिळाली. पुण्यगुरुवारी ज्यांचे पाय धुतले जातात त्यांत स्त्रियांचा समावेश करण्यास जानेवारी २०१६ च्या आदेशाने अनुमती दिली. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांसाठी खुली केली. धर्मगुरुपद मात्र पुरुषांपुरतेच मर्यादित आहे.

सेवेचे स्वरूप

धर्मग्रामाचे काम केवळ धर्मगुरू पाहत नाहीत. आर्थिक बाबींसाठी सल्लागार समिती असणे धर्मसंहितेने बंधनकारक केले आहे. बिशपांनी योग्य मानल्यास पालकीय परिषदही असते. पंधरा-वीस घरांचे छोटे समूह, स्त्रियांची व युवकांची मंडळे, १८३३ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा हे या रचनेचे नेहमीचे घटक होत. आजाऱ्याला भेटणे, कामावर जखमी झालेल्याच्या घरी शिधा पोहोचवणे, शाळा सोडलेल्या मुलाला पुन्हा वर्गात बसवणे ही कामे याच मंडळांकडून होतात. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारू नये, हा त्यामागील संकेत आहे.

जिल्ह्याच्या आदिवासी भागात या सेवेला वेगळे महत्त्व येते. २०११ च्या जनगणनेनुसार आताच्या पालघर जिल्ह्याच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक आदिवासी होते. तलासरी येथे येशूसंघीयांचे 'ज्ञानमाता सदन' शिक्षणकार्यासाठी ओळखले जाते. मिशनच्या शाळा आणि वसतिगृहे यांमुळे आदिवासींच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्यांत ख्रिस्ती न झालेल्यांचाही समावेश आहे.

संशयाची सावली

खुल्या दाराचा अर्थ सर्वांनाच एकसारखा लागतो असे नाही. सेवा ही धर्मांतराची पहिली पायरी आहे, असा आक्षेप आदिवासी भागात वारंवार घेतला जातो. १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे दोन साधू व त्यांच्या वाहनचालकाची जमावाने हत्या केली, तेव्हा समाजमाध्यमांतून मिशनऱ्यांकडेही बोट दाखवले गेले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून हा प्रकार घडला व त्याला धार्मिक रंग नाही, असे राज्य सरकारने त्या वेळी स्पष्ट केले होते. तरीही त्या आरोपांनी निर्माण झालेले किल्मिष लगेच धुतले गेले नाही.

या संदर्भात चर्चचा स्वतःचा नियम काय आहे, हे ठाऊक असणे उपयुक्त ठरते. धर्मसंहितेचे ७४८ वे कलम सांगते की, कोणालाही त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे कधीही योग्य नाही. प्रौढ व्यक्तीच्या बाप्तिस्म्यापूर्वी टप्प्याटप्प्याने पूर्वतयारीचा काळ ठेवलेला असतो, आणि त्यात तिचा हेतू तपासला जातो. कायद्याच्या दृष्टीने पाहता आदिवासीने धर्म बदलला तरी त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यातील १९५६ व १९९० च्या सुधारणांनुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. दलित ख्रिस्ती त्यापासून वंचित राहतात.

भेदभाव चर्चच्या आतही आहे, ही बाब धर्माधिकाऱ्यांनी नाकारलेली नाही. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून जातिभेद हे पाप असल्याचे सांगितले. धोरण आले म्हणून बाकावरचे अंतर आपोआप मिटत नाही. लग्न जुळवताना, समितीवर माणसे निवडताना ते पुन्हा डोके वर काढते.

स्वागताच्या मर्यादा

सर्वांचे स्वागत याचा अर्थ सर्व संस्कार सर्वांना, असा होत नाही. गैरसमज येथेच अधिक होतात. ख्रिस्तशरीर सामान्यतः कॅथॉलिकांनाच दिले जाते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्यक्तीने स्वतःहून मागितल्यास आणि तिची योग्य तयारी असल्यास ८४४ व्या कलमानुसार ते देता येते. अन्य व्यक्ती मिस्साला उपस्थित राहू शकतात, प्रार्थनेत सामील होऊ शकतात. ख्रिस्तशरीर न घेता आशीर्वादासाठी पुढे जाण्याची प्रथाही अनेक चर्चेसमध्ये आढळते.

संमिश्र औद्योगिक वस्तीत आंतरधर्मीय विवाह नवे नाहीत. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी चर्चमध्ये विवाह करायचा झाल्यास बिशपांची विशेष सवलत घ्यावी लागते. आपली श्रद्धा जपण्याचे आणि अपत्यांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन कॅथॉलिक जोडीदार देतो. दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते, परंतु त्याच्यावर धर्म बदलण्याची अट नसते. ही माहिती वेळेत न मिळाल्याने कित्येक कुटुंबे चर्चपासून दुरावतात.

घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केलेल्यांना दूर लोटू नये, त्यांच्या परिस्थितीचा विचार करून त्यांना सोबत करावी, असा आग्रह पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात धरला. डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी साम्य नसलेला साधा आशीर्वाद देण्यास अनुमती दिली. विवाहाविषयीची शिकवण मात्र बदलली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बन येथे युवकांसमोर बोलताना चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, असे फ्रान्सिस यांनी ठासून सांगितले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मे महिन्यात चौदावे लिओ पोपपदी आले.

कसोटी

रोम येथील घोषणांची खरी परीक्षा बोईसरसारख्या ठिकाणी होते. पाळीवरून थेट मिस्साला आलेल्या कामगाराला कोणी नाव विचारले का, वारली आजीला समजेल अशा भाषेत प्रवचन झाले का, दुसऱ्या धर्माच्या सुनेला नाताळच्या पंगतीत अवघडल्यासारखे वाटले का, या प्रश्नांची उत्तरे धर्मसंहितेत सापडत नाहीत. दार उघडे ठेवण्याचा नियम आधीपासूनच आहे. त्या दारातून आलेल्याला बसायला जागा करून देणे मात्र बाकावर आधीपासून बसलेल्यांच्याच हाती असते.