शेंदूर, पाटे आणि साडेबारा फूट

जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटले की आपण शिवनेरी, लेणी आणि नाणेघाट येथे थांबतो. वाहतुकीचा विषय निघाला तरी नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि दगडी रांजण यांच्यापुढे सहसा जात नाही. गेली काही वर्षे मी या दोन तालुक्यांतील चाकाचा माग काढतो आहे. त्यातले एक प्रकरण मला ग्रंथालयात सापडले नाही. ते नारायणगावच्या एका गॅरेजात, जीपखाली पाठीवर पडून वाचावे लागले.

नाणेघाट पायऱ्यांचा. तेथे माल चढला तो जनावरांच्या पाठीवरून. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये सह्याद्रीतील घाटवाटांची नोंद आहे. कोणत्या वाटेने लादलेले बैल जातात आणि कोणत्या वाटेने फक्त पायी माणूस, हे त्यात सांगितले आहे. चाकाचे राज्य घाटमाथ्याच्या पूर्वेला, सपाटीवर. बैलगाडीची आस फिरत नाही. दोन्ही चाके तिच्यावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि कोणी कोणाला अडवत नाही. ओढायचे काम बैलांचे. चाकाने फक्त मागोमाग यायचे.

मोटारीत हा हिशेब बदलतो. तेथे चाकच गाडी ढकलते. विलिस जीपच्या दोन मागच्या चाकांत साधारण चार फूट अंतर असते. पूर्ण अर्धवर्तुळी वळण घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेबारा फूट जास्त धावते. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर एकाला रस्त्यावर घासतच जावे लागेल. ही अडचण सोडवणाऱ्या डिफरन्शियलचे पेटंट 1827 साली फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी घेतले. तो घड्याळजी होता.

ही यंत्रणा आमच्या डोंगरात पोहोचवली जीपने. 1945 साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली कंपनी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली आणि मुंबईत माझगावला विलिस जीप जोडल्या जाऊ लागल्या. आमच्या जीपच्या क्राऊनला 43 दात आहेत, पिनियनला 8. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळजवळ साडेपाच फेरे. वेग कमी, पण चढाला ताकद भरपूर. पश्चिम आंबेगावात रस्ता संपेल तेथपर्यंत वडील ती नेत. परतताना बाळंतिणी आणि तापाने फणफणलेली माणसे घोडेगावपर्यंत येत.

गेल्या वर्षी मागून घोंघावणारा आवाज येऊ लागला, म्हणून डिफरन्शियल उघडले. बेअरिंग गेले होते. मिस्त्रींनी आधी दोन्ही कॅपांवर छिन्नीने खुणा केल्या, कारण डावीची उजवीला चालत नाही. नवे बेअरिंग बसल्यावर शिमच्या पातळ चकत्या घालत-काढत क्राऊन आणि पिनियनमधला प्ले इंचाच्या काही हजारांशांवर आणला. मग दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून क्राऊन फिरवला. ठसा दाताच्या मध्यावर उमटेपर्यंत त्यांनी तीनदा सगळे सोडवले.

पाटे आवळण्याचे काम मी हौसेने मागून घेतले आणि तेथेच चुकलो. एक्सल जॅकवर लोंबकळत असतानाच यू-बोल्ट आवळले, आणि गाडी थोडी चालवून ते पुन्हा आवळायला विसरलो. पंधरा दिवसांनी डिंभ्याकडून उतरताना ब्रेक दाबला, तशी जीप एका बाजूला ओढली गेली. मागे माझी ऐंशी वर्षांची आई बसली होती. थांबून वाकून पाहिले, तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल एका बाजूने दोन बोटे सरकला होता.

मिस्त्री रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. धरून ठेवतो तो यू-बोल्ट."

कारण सरळ आहे. चाक पुढे फिरते तेव्हा एक्सलचे हाऊसिंग उलट्या दिशेने फिरू पाहते; ब्रेक दाबला की पुन्हा त्याच्या उलट. हा सगळा पीळ पाट्यांवर येतो आणि तो यू-बोल्टच्या पकडीवर तोलला जातो. पकड ढिली झाली की तो भार एका बारीक बोल्टावर पडतो.

मिस्त्रींच्या हाताखालची मुले आता बहुधा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते. शेंदराचा ठसा वाचायचे काम त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. नाणेघाटाचा लेख दगडात कोरलेला असल्याने टिकला. ही विद्या मात्र एका सत्तरीच्या माणसाच्या बोटांत आहे. म्हणून दर रविवारी मी वही घेऊन गॅरेजात बसतो. तीन वह्या भरल्या आहेत. पहिल्या पानावर माझी चूक लिहिली आहे: गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत, आणि थोडे अंतर चालवून पुन्हा एकदा.