द्रवरूप नैसर्गिक वायू आणि ब्रिटनचा इंधनपुरवठा

ब्रिटनने अल्जीरियाहून आणलेला द्रवरूप वायू हा अल्पजीवी प्रयोग होता, असे मानण्याचा मोह होतो. नियमित आयात १९६४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९६५ सालीच उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात नैसर्गिक वायू सापडला. परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे.

ब्रिटनमध्ये वायूचा दुष्काळ नव्हता. महाग झाला होता तो वायू तयार करण्याजोगा कोळसा. दीडशे वर्षे शहरांना मिळणारा वायू कोळशापासूनच काढीत. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. म्हणूनच तो जहाजातून नेणे परवडू लागले. १९५९ च्या फेब्रुवारीत 'मीथेन पायोनिअर' हे जहाज लुईझियानाहून असा माल घेऊन थेम्सच्या मुखावरील कॅन्व्हे बेटास पोहोचले. दुसऱ्या महायुद्धकाळातील हे मालवाहू जहाज. त्यात अॅल्युमिनियमच्या टाक्या बसवून त्यांभोवती बाल्सा लाकडाचे आवरण दिले होते.

१९६१ साली ब्रिटिश शासनाने अल्जीरियाच्या योजनेस अनुमती दिली तेव्हा तो देश फ्रान्सच्या सत्तेखाली असून तेथे युद्ध चालू होते. जुलै १९६२ मध्ये सत्ता बदलली, तरी योजना मोडली नाही. सहाराचा वायू आर्झ्यू बंदरी द्रवरूप होऊन 'मीथेन प्रिन्सेस' व 'मीथेन प्रोग्रेस' या जहाजांतून येऊ लागला. विक्रेता, ग्राहक, कारखाना व जहाजे ही पंधरा वर्षांच्या कराराने परस्परांस इतकी बांधलेली होती की, कोणासही सहज अंग काढून घेणे शक्य नव्हते. माझ्या मते या व्यापाराचे खरे वैशिष्ट्य तंत्रात नसून या बंधनात आहे.

आयात वायू देशाच्या वायूपुरवठ्याच्या सुमारे एकदशांश होता. त्याहून महत्त्वाची ठरली ती कॅन्व्हेपासून लीड्सपर्यंत टाकलेली सुमारे दोनशे मैलांची नळवाहिनी. तोवर प्रादेशिक वायुमंडळे बहुतांशी आपापल्या कारखान्यांवर विसंबून होती. या नळाने त्यांतील अनेकांना प्रथमच एका सूत्रात गुंफले. उत्तर समुद्राच्या वायूसाठी पुढे उभारलेल्या राष्ट्रीय जाळ्याचा हाच कणा झाला. शेगड्यांतील ज्वालाग्रे बदलण्याची चाचणीही १९६६ साली कॅन्व्हे येथेच झाली. १९६७ ते १९७७ या दशकात ते काम देशभर पार पडले.

२००४ साली ब्रिटन पुन्हा वायूचा निव्वळ आयातदार बनला. २००५ मध्ये थेम्सच्या मुखाजवळच, दक्षिण बाजूस, आइल ऑफ ग्रेन येथे द्रवरूप वायू उतरू लागला. आणि तेथील आरंभीच्या करारात अल्जीरियाची सोनात्राक ही शासकीय कंपनी भागीदार होती.