वडगावची मोहीम आणि फौजेबरोबरची मुलकी यंत्रणा

परमुलखात उतरलेल्या सैन्यास दारूगोळ्याइतकीच तेथील रयतेशी व्यवहार करणाऱ्या यंत्रणेची गरज असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकी सैन्यांनी या कामासाठी स्वतंत्र पथके उभारली. त्यापूर्वीच्या अशा व्यवस्थेची परीक्षा करण्यास १७७८–७९ ची वडगावची मोहीम उपयुक्त ठरते. आज रोडपालीलगतच्या कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग बोरघाट चढून तळेगावकडे जातो; पनवेलास उतरलेली मुंबईकर इंग्रजांची फौजही याच दिशेने पुण्यावर निघाली होती.

फौजेत सुमारे ३,९०० सैनिक होते, तर सामानासाठी १९ हजार बैल. मोहिमेची सूत्रे कार्नॅक, कर्नल एगर्टन व मॉस्टिन या त्रिसदस्य समितीकडे होती. म्हणजे मुलकी अंगाचा अभाव नव्हता; उलट त्याचा अधिकार प्रत्यक्ष कूच व माघारीपर्यंत पोचत होता. परंतु पुणे दरबाराचा निकट अनुभव एकट्या मॉस्टिनला होता. तो आजारी पडून १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला आणि समितीचे स्थानिक ज्ञान त्याच्याबरोबरच संपले.

उरली ती रघुनाथरावांवरील भिस्त. ते येताच सरदार व रयत येऊन मिळतील, हे गृहीत खोटे ठरले. मराठ्यांनी तळेगाव जाळून मार्ग उजाड केला. गावांकडून धान्य, वैरण वा बातमी मिळविण्याचे कोणतेच साधन समितीजवळ नव्हते. त्यामुळे सारी रसद बैलांच्या पाठीवर राहिली व कूच मंदावले. हाती काही दिवसांचा शिधा असतानाही ११ जानेवारीच्या रात्री माघार सुरू झाली आणि तिची परिणती वडगावच्या तहात झाली.

याउलट, १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगर घेताच वेलस्लीने तेथील मुलकी कारभार कॅप्टन ग्रॅहॅमकडे सोपविला व पुढील मोहिमेस पिछाडीचा आधार निर्माण केला.

मराठ्यांच्या युद्धकौशल्याचे श्रेय यामुळे कमी होत नाही. तथापि असे म्हणावे लागते, की मुलकी यंत्रणेची पर्याप्तता तिच्या अधिकारावरून ठरत नाही. प्रदेशाचे ज्ञान एका व्यक्तीपुरते न राहता यंत्रणेत मुरले आहे काय, आणि वाटेवरील गावाला तिच्याशी व्यवहार करावासा वाटतो काय, हीच तिची खरी कसोटी होय.