क्लीनर : मोठ्या गाड्या धुणाऱ्या माणसाचा इतिहास

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आला. तो लिहितो, ‘दादा, पिकअपमध्ये पाण्याची टाकी, जनरेटर आणि प्रेशर पंप टाकून ट्रक आणि बस जागेवर जाऊन धुवायचा धंदा सुरू करतोय. मोबाईल डिटेलिंग म्हणतात त्याला. आपल्याकडे याला काही इतिहास आहे का, की सगळं बाहेरूनच आलंय?’

मित्रा, इतिहास आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोरच होता. मोठ्या गाडीबरोबर फिरणारा आणि गाडी जिथे थांबेल तिथे ती धुणारा माणूस आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होता. त्याच्या हुद्द्याचं नावच ‘क्लीनर’. गावाकडे त्याचा उच्चार ‘किन्नर’ असा झाला. ‘ड्रायव्हर-किन्नर’ ही जोडी ढाब्यावर, टोलनाक्यावर, मार्केट यार्डात सगळ्यांच्या ओळखीची. तो या धंद्यात कसा आला, त्याला काय मिळालं आणि आता तो का दिसेनासा होतोय, हे आज बघू.

थोडं मागून सुरुवात करतो. इंजिन यायच्या आधी वाहन ओढायला जनावर होतं, त्यामुळे धुणं म्हणजे जनावर धुणं. आपल्या पोळ्याला आजही बैल नदीवर नेऊन घासून आंघोळ घालतात, आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. गाडीच्या वाट्याला यायचं ते आसाचं वंगण. शहरातही तेच. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्याची ट्राम सुरू झाली. त्या कंपनीकडे सुमारे ९०० घोडे होते असं सांगतात. म्हणजे खरारा करणारे, तबेला झाडणारे, पाणी दाखवणारे किती हात लागत असतील, विचार करा. मोतद्दाराचं काम हे. घोडा स्वच्छ ठेवणाऱ्यालाच घोड्याला कुठे लागलंय, कुठे सूज आहे, हे आधी कळायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि जनावराच्या जागी लोखंड आलं. वाफेचं इंजिन म्हणजे कोळसा, राख, काजळी आणि तेल यांचा मेळा. प्रत्येक फेरीनंतर ते शेडमध्ये यायचं. तिथे तेलात भिजवलेला सुताचा बोळा घेऊन ते पुसणारा माणूस म्हणजे क्लीनर. रेल्वेतली ही सगळ्यात खालची पायरी. वरची शिडी अशी : क्लीनर, मग कोळसा टाकणारा फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. ब्रिटनमध्ये हीच पद्धत होती, तीच इथे आली.

आता कुणी म्हणेल, ड्रायव्हर व्हायचंय त्याला आधी पुसायला का लावायचं? कारण पुसता पुसता इंजिन हाताखालून जातं. कुठला दांडा कुठे जोडलाय, कुठला बोल्ट सैल झालाय, कुठे बारीक तडा गेलाय, हे काजळीखाली दिसत नाही, पुसल्यावर दिसतं. म्हणजे सफाई हीच तपासणी आणि सफाई हीच शाळा. शिडी मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. मेल गाड्यांच्या ड्रायव्हरच्या जागा बराच काळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांकडेच राहिल्या. भारतीय माणूस खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं ताटकळायचा.

मग मोटार आली. मुंबईत १५ जुलै १९२६ ला पहिली बस धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५४ पासून टेल्कोचे ट्रक जमशेदपूरला बनू लागले. इथे मोठ्या गाड्यांच्या सफाईच्या दोन वाटा झाल्या.

पहिली वाट बसची. बस रात्री आगारात परत येते, म्हणून धुणाराही आगारातच थांबतो. एसटीत चालक आणि वाहक गाडीबरोबर जातात, धुणारा मागे राहतो. त्याला पगार, पाळी, हजेरीपत्रक असतं.

दुसरी वाट ट्रकची. ट्रक आठ-आठ दिवस घरी येत नाही. आज वाशी, उद्या इंदूर, परवा कानपूर. मग धुणारा गाडीवरच पाहिजे. हा झाला आपला क्लीनर. पण नाव क्लीनर असलं तरी सफाई हे त्याच्या कामातलं एक काम. जुन्या गाडीला पुढून हँडल मारून सुरू करणं, चढावर चाकामागे दगड लावणं, मागे बघून ‘आन दो, आन दो’ ओरडणं, ताडपत्री बांधणं, पंक्चर झालं की स्टेपनी उतरवणं, रात्री मालाची राखण. या सगळ्यातून वेळ मिळाला की ओढ्याकाठी नाहीतर ढाब्याच्या हौदाशी गाडी लावून बादलीने धुणं. कपडे धुवायची पावडर, जुनं पोतं, चेसिसला डिझेलचा फडका. आणि वर्षातली सगळ्यात मोठी धुलाई दसऱ्याची! त्या दिवशी ट्रकला झेंडूची माळ घालतात, तिच्या आधीचे चार तास क्लीनरचे असतात.

त्या सगळ्याचा मोबदला? बहुतेक ठिकाणी जेवण, वरखर्च आणि एक न लिहिलेला शब्द : ‘शीक, ड्रायव्हर करतो तुला.’ रेल्वेची तीच शिडी, फक्त कागदावर नाही. गाडी उस्तादाची, शिकणं उस्तादाच्या मर्जीवर. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणाला ‘घे स्टिअरिंग’, की ते प्रमोशन.

आता कायद्याकडे येऊ. कंटाळू नका, या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. त्यात कामगार कोण, याच्या व्याख्येत ड्रायव्हर, कंडक्टर यांच्याबरोबर क्लीनरचं नाव आहे. आणि ‘पगार मिळो वा न मिळो’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे बिनपगारी काम करून घेतलं जातं, हे संसदेला तेव्हाच माहीत होतं! दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आली, लहान मुलांना कामाला लावायला बंदी आली.

पण दोन गोष्टी बघा. एक, हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. आपल्याकडे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या छोट्या मालकांचे. एक ट्रक, एक ड्रायव्हर, एक क्लीनर, कायदा दाराबाहेर. दुसरी गोष्ट, गणवेश आणि तो धुण्याचा भत्ता यासाठीच्या कलमात ड्रायव्हर, कंडक्टर आणि लाइन तपासणारे कर्मचारी यांची नावं आहेत. क्लीनर नाही. ज्याचं अख्खं अंग ग्रीसने माखतं, त्याचं नाव धुलाई भत्त्यात नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते कलम तीनदा वाचलं.

आता यंत्राची बाजू. दाबाच्या पाण्याने धुण्याची कल्पना कारखान्यांतून आली. अमेरिकेत १९२० च्या दशकात वाफेने धुणारी यंत्रं निघाली. जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचं उच्च दाबाचं यंत्र तयार केलं, युरोपातलं तसलं पहिलं. १९५९ मध्ये ते वारले आणि कंपनी त्यांच्या पत्नी आयरीन यांनी पुढे चालवली. आपल्याकडे हायवेच्या कडेला ‘वॉशिंग-ग्रीसिंग’च्या पाट्या लागल्या. हे दोन शब्द जोडीने का येतात, माहितीये? दाबाच्या पाण्याने चिखलाबरोबर पाट्यांच्या सांध्यातलं ग्रीसही निघून जातं. म्हणून धुतलं की ग्रीस भरायचंच. नुसती धुतलेली गाडी चकाकते आणि चार दिवसांनी कुरकुरते. हे शहाणपण त्या पाटीवरच लिहिलेलं आहे, नवीन धंदा करणाऱ्यांनी ते वाचावं.

इकडे क्लीनरची गरज घटत गेली. सेल्फ स्टार्टर आला, हँडल गेलं. पॉवर स्टिअरिंग, ट्यूबलेस टायर, जीपीएस आले. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, सुवर्ण चतुष्कोन अशा रस्त्यांवर घाटातला दगड लावणारा लागेना. शिडीही मोडली. व्यावसायिक लायसन्सला आठवी पासची अट होती. ज्या मुलाने शाळा सोडून क्लीनरकी धरली, त्याला गाडी चालवता येत होती, पण कागद मिळत नव्हता. ती अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलनाबरोबर एक मागणी अशीही होती : जड वाहनांवर क्लीनर ठेवायची सक्ती रद्द करा. मालकाचं म्हणणं सरळ आहे, काम उरलं नाही तर माणूस कशाला? पण ट्रक मळायचा थांबलेला नाही. मग तो धुणार कोण?

इथे आपला पिकअपवाला श्रोता येतो. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर मी असाच एक धंदा बघितला. दोन पोरं, एक टाकी, एक पंप. आधी चाकं आणि खालची बाजू, मग फोम खालून वर, मग पाणी वरून खाली. साध्या नळीतून मिनिटाला साधारण १५-२० लिटर पाणी जातं, पंपाला त्याच्या निम्म्यात भागतं, म्हणून टाकी पुरते. पाण्याचा हिशोब यापुढे टळणार नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळूरूत टंचाई आली, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लावला होता. गाडी नदीत उतरवून धुण्याचे दिवसही गेले, आणि बरं झालं गेले. ते डिझेल आणि ग्रीस शेवटी कुणाच्या तरी पिण्यातच जात होतं.

त्यातल्या एका पोराला विचारलं, आधी काय करायचास? म्हणाला, ‘किन्नर होतो. काम तेच आहे दादा. फक्त आता धुवायच्या आधी रेट सांगतो.’

माझ्या मते या धंद्यात खरं नवीन एवढंच आहे. गाडीपर्यंत जाऊन धुणं जुनं, फडका जुना, बोल्ट सैल आहे हे ड्रायव्हरला सांगणं तर वाफेच्या इंजिनाइतकं जुनं. नवीन हे की धुण्याला स्वतंत्र किंमत आली. शंभर-दीडशे वर्षं हे काम ‘पुढे ड्रायव्हर होशील’ या आशेच्या बदल्यात करून घेतलं गेलं.

म्हणून मेसेज करणाऱ्या मित्राला दोन शब्द. तुझ्या पिकअपवरही उद्या एक हेल्पर असेल, सतरा-अठरा वर्षांचा, ‘शिकायला’ आलेला. तुमची दोघा-तिघांची टीम. कुणी तपासायला येणार नाही. त्याला पहिल्या दिवसापासून ठरलेला पगार दे, महिन्याची तारीख ठरव. गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा दे, कारण फोममधलं केमिकल कातडी खातं आणि दाबाचं पाणी डोळ्यात गेलं तर खेळ खलास. रेटकार्ड पिकअपच्या दारावर रंगव. त्या रेटमध्ये त्याचा पगार धरलेला असू दे.

आणि बाकीच्यांनी एवढं करा. तुमच्या घरात, गल्लीत कुणी ना कुणी क्लीनर असेलच. काका, मामा, शेजारचे आजोबा. त्यांना विचारा, पहिलं स्टिअरिंग कुठल्या रस्त्यावर हातात आलं, आणि तोपर्यंत किती वर्षं नुसती गाडी धुतली. त्यांची परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. या माणसांचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही, आणि सांगणारे आता साठी-सत्तरीत आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पुढच्या वेळी स्वच्छ बसमध्ये बसलात तर ती रात्री कुणी धुतली, एवढं मनात येऊ द्या.