अनंतपूरचा भुईमूग आणि बांधावरचे गाजरगवत



भुईमुगाची उगवण चांगली झाली की आपण निर्धास्त होतो. अशा वेळी सन २००० च्या खरिपात आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात काय घडले, ते ऐका.

तो मुलूख कोरडवाहू. भुईमूग हेच तिथले मुख्य पीक. त्या वर्षी कोवळ्या झाडांच्या शेंड्याची पाने करपली, मग देठ आणि खोड काळे पडले आणि झाडेच्या झाडे मेली. सुमारे २ लाख २५ हजार हेक्टरांवर रोग पसरला. नुकसान ३०० कोटी रुपयांहून जास्त झाले.

प्रथम संशय शेंडेमरीवर गेला, कारण लक्षणे तशीच. पण तपासणीत निराळाच विषाणू निघाला, टोबॅको स्ट्रीक नावाचा. मग हा आला कुठून? उत्तर बांधावरच उभे होते. गाजरगवत!

हे तण बाहेरून हिरवेगार दिसते, रोगाची खूण नसते; पण त्याच्या परागात विषाणू असतो. फुलांतले फुलकिडे अंगावर पराग घेऊन भुईमुगावर येतात. वाऱ्यानेही पराग पानांवर पडतात. फुलकिडा पान खरवडतो आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतो.

आपल्याकडे हे गवत प्रथम पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आले. आज ते नाही असा बांध शोधावा लागेल. म्हणून अनंतपूरची गोष्ट परक्याची समजू नका.

आता करायचे काय?

गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा. शेत, बांध, रस्त्याची कड, सगळीकडचे. हातात मोजे घाला, नाही तर अंगाला खाज सुटते.

बियाण्याला शिफारस केलेल्या कीटकनाशकाची प्रक्रिया करा. पेरणी विरळ ठेवू नका. मोकळ्या जागेत फुलकिडे जास्त उतरतात. शेताच्या कडेने ज्वारी किंवा बाजरीचा दाट पट्टा पेरा, म्हणजे पराग आणि किडे अडतात.

या रोगाने मेलेली भुईमुगाची झाडे उपटत बसू नका. लवकर मेलेल्या झाडाला फुलेच येत नाहीत, मग त्यापासून रोग पुढे जाणार कसा? उपटल्याने पीक मात्र विरळ होते.

आणि एक. तुमचा बांध साफ, पण शेजाऱ्याचा फुललेला, तर कष्ट वाया. तेव्हा पेरणीआधी एक दिवस ठरवा आणि सारा गाव मिळून शिवार साफ करा.