बार्शी-उस्मानाबादच्या बायकांनी जगाला काय दिलं

आपल्या गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, बियाण्याचा भाव यावर आपण मोठ्यानं बोलतो. पण "अंगावरून जातं" हे कुणी सांगायला लागलं की आवाज खाली येतो. आज त्याच विषयाचा इतिहास सांगते. हा इतिहास आपल्या शेजारच्याच भागात घडला आहे, म्हणून तो आपल्याला ठाऊक असायला हवा.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कशामुळे होतो, हे फार काळ कुणाला कळत नव्हतं. १९८३-८४ मध्ये जर्मनीचे डॉक्टर हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या गाठींमध्ये एचपीव्ही नावाचा विषाणू शोधून काढला. त्यासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि फार सर्रास आढळतो. बहुतेक जणींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींच्या अंगात मात्र तो टिकतो आणि दहा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. म्हणून हा आजार झाला की बाईच्या वागणुकीवर बोट ठेवणं चूक आहे.

आता बार्शीकडे येऊ. १९८७ मध्ये तिथं भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांत कार्यकर्ते जाऊ लागले आणि कुणाला कॅन्सर झाला, कुठल्या अवयवाला झाला, हे लिहून घेऊ लागले. बायकांमध्ये सगळ्यांत जास्त सापडला तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. अनेक जणी दवाखान्यात पोचायच्या तेव्हा उशीर झालेला असायचा.

मग १९९९ मध्ये मोठं काम हाती घेतलं गेलं. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था एकत्र आल्या. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. एका भागात एचपीव्हीची तपासणी झाली, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागात माहिती दिली, पण तपासणी केली नाही.

२००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४ हजार बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या ३१ हजारांपैकी ६४ जणी गेल्या. म्हणजे आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीनं मरणं जवळपास निम्म्यावर आली. आज जगभर एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागे या गावांचा पुरावा आहे.

पण त्या ६४ जणींनाही विसरून चालणार नाही. त्यांची तपासणी का केली नाही, असा प्रश्न पुढे विचारला गेला. त्या काळी देशात अशी तपासणी कुठंच होत नव्हती, असं संशोधकांचं उत्तर होतं. हे उत्तर पटो न पटो, ज्यांच्या जिवावर ज्ञान मिळालं, त्यांच्या लेकी-सुनांना त्याचा फायदा मिळालाच पाहिजे.

लसीचीही गोष्ट अशीच आहे. २००९ मध्ये देशातल्या नऊ ठिकाणी मुलींवर लसीचा अभ्यास सुरू झाला. त्यात आपल्या राज्यातलं बार्शी आणि पुणेही होतं. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं होतं. त्याच सुमाराला खम्मम आणि वडोदऱ्यात लसीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथं काही मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं लसीकरण थांबवलं. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण वसतिगृहातल्या मुलींच्या आईबापांना न विचारता वॉर्डननं सह्या केल्याचं उघड झालं. ही चूक मोठी होती. आईला विचारल्याशिवाय आणि मुलीला समजावल्याशिवाय सुई टोचायची नसते.

काम अचानक थांबल्यामुळे अभ्यासातल्या सुमारे ५ हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची विचारपूस चालू ठेवली. दहा वर्षांनी कळलं की एका डोसनंही सगळ्यांत घातक दोन प्रकारांपासून भक्कम संरक्षण मिळतं. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला मंजुरी मिळाली.

तर आपण काय करायचं? ९ ते १४ वर्षांच्या लेकीला लस सगळ्यांत जास्त उपयोगी पडते, कारण विषाणू अंगात शिरण्याआधी ती द्यायची असते. सरकारी लस कोणत्या वयाला मिळते, ते आशाताईंना विचारा. कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. लस झाली तरी तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळे प्रकार अडवत नाही. तिशी ओलांडली की दर पाच वर्षांनी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पांढरं जाणं, यातलं काही असेल तर थांबू नका. आणि कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर आधी विचारा, "डॉक्टर, तपासणी काय सांगते?"

फर्दापुरातून बसनं संभाजीनगरला जाता येतं आणि तिथं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर गटातल्या चौघी मिळून जा. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. कोणाची तपासणी झाली, कोणाच्या लेकीला लस मिळाली, हे त्यात लिहा. बार्शीच्या कामाची सुरुवातही अशा नोंदीपासूनच झाली होती.