घर कुणाचं ते कागद सांगतो. घर कसं आहे ते कोण सांगणार?

सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, एनए ऑर्डर, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, बोजा नसल्याचा दाखला. घर घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे कागदांची अशी थप्पी तयार होते. वकील ती वाचतात, बँक वाचते. पण ही सगळी थप्पी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: घर कुणाचं? घर कसं आहे, स्लॅबमध्ये दम किती, कॉलममधली सळई गंजली आहे का, हे सांगणारा एकही कागद तिच्यात नसतो. बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो खरा, पण तो बँकेचा पैसा बुडणार नाही ना, एवढंच बघतो.

हे असं का झालं, याला इतिहास आहे.

आपल्या तालुक्याच्या गावांत दोन पिढ्यांपूर्वी घर सहसा विकत घेतलं जात नव्हतं, बांधलं जात होतं. गवंडी गावातला, सुतार गावातला. कुठल्या भिंतीत किती चुना गेला आणि कुठे नुसती माती भरली, हे घरच्या म्हाताऱ्या माणसाला पाठ असायचं. भिंतीला पोट सुटलं की येणारा-जाणारा सांगायचा. घराची तपासणी म्हणजे माणसांची आठवण होती.

विक्रीसाठी कायदा आला तो इंग्रजांचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882. मुंबई इलाख्यात तो 1893 पासून लागू झाला. त्याचं कलम 55 आजही लागू आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी समजून घ्यावं असं आहे. मालमत्तेत किंवा हक्कात एखादा मोठा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो दिसणार नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. सांगितला नाही तर ती फसवणूक धरली जाते.

म्हणजे आतला दोष सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि डोळ्यांना दिसणारा दोष बघायची जबाबदारी घेणाऱ्याची. ऐकायला रास्त वाटतं. अडचण पुढे आली. माती-दगडाच्या भिंतीचा दोष दिसायचा. सिमेंटच्या घरात सळई काँक्रीटच्या आत, काँक्रीट प्लास्टरच्या आत, आणि प्लास्टरवर नवा कोरा रंग. विकायच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा येतो तो रंगारी! अशा वेळी साधारण काळजी घेऊन दिसणार काय?

आणि जुनं सगळं भक्कम होतं, असंही समजू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने ते दाखवून दिलं. लातूर-धाराशिवकडची ती जाड दगडी भिंतींची, माळवदाची घरं बाहेरून किल्ल्यासारखी दिसायची. पण भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड अनेक ठिकाणी नव्हते, मधे मातीचा भराव होता. भिंती उकलल्या आणि वरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर इंजिनिअर गावोगाव आरपार दगड टाका, भिंतीला पट्टे द्या, असं सांगत फिरले.

आपल्याकडे तपासणीचा कागद असाच जन्माला आला, म्हणजे माणसं गेल्यावर. मुंबईत जुन्या चाळी कोसळायला लागल्या तेव्हा 1969 मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. पुढे तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं करणारी तरतूद महापालिकांच्या कायद्यात आली. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही लिहिलंय: इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा ऑडिट. पण इमारत नवी म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये कोसळलेली तारिक गार्डन दहा वर्षांचीही नव्हती. 16 जण गेले. महाड काही मुंबई नाही, आपल्यासारखंच गाव आहे.

नव्या घराला 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. पण आपल्याकडे सध्या हातोहात विकले जातात ते नव्वदच्या दशकातले फ्लॅट. त्यांची ही मुदत कधीच नव्हती. तिथे तपासणी अहवाल हाच तुमचा आधार.

अहवाल हातात आला तर काय बघाल?

पहिलं, तारीख आणि सही. किती जुना आहे, इंजिनिअर परवानाधारक आहे का, आणि त्याला पैसे कुणी दिले?

दुसरं, चाचण्या. नुसतं 'डोळ्यांनी पाहणी केली' असेल तर तो अर्धाच अहवाल. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कणखरपणा सांगतो. अल्ट्रासोनिक चाचणी आतल्या भेगा आणि पोकळ्यांचा अंदाज देते. कार्बोनेशन चाचणीत काँक्रीट फोडून त्यावर द्रावण फवारतात. गुलाबी झालं तर बरं; रंग आला नाही तर तिथल्या काँक्रीटने सळईला गंजापासून वाचवायची ताकद गमावली आहे.

तिसरं, शेवटचा शेरा. मोठ्या महापालिकांत वर्ग असतात. सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, पाडा. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे राहत असताना मोठी दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. प्लास्टरची भेग आणि बीमची भेग एकाच यादीत असते. घाबरायचं ते बीमच्या भेगेला.

चौथं, काय तपासलं नाही. कुलूपबंद खोली, गच्ची, पाण्याची टाकी, पार्किंगमधले कॉलम यांचा उल्लेख नसेल तर विचारा.

विकणाऱ्यांनाही एक सांगतो. अहवाल म्हणजे तुमच्या घराची बदनामी नाही. दोष लिहून दिला, त्याप्रमाणे भाव ठरला, तर उद्या कुणी कलम 55 घेऊन दारात येत नाही.

आमच्या बातमीदारीत इमारत पडली की पंचनामा वाचायला मिळतो. भेगा, गंज, गळती, सगळं त्यात व्यवस्थित लिहिलेलं असतं. तेच आधी लिहून घ्यायला काही हजार रुपये लागतात, आणि घराला लागतात तीस-चाळीस लाख. म्हणून विसार द्यायच्या आधी तपासणी करा. ते जमत नसेल तर विसार पावतीत एक ओळ घाला: तपासणीत बांधकामाचा मोठा दोष निघाला तर विसार परत. समोरचा या एका ओळीला तयार नसेल, तर तो का तयार नाही याचा विचार तुम्ही करा.

ओळखीत कुणी जुना फ्लॅट बघत असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाऊ द्या.